आधार कक्षाचा निराधार प्रमुख

९ सप्टेंबर

आज प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी मला स्वतःहून खुर्चीही दिली नव्हती, तेव्हा चहा पाहूनच मी सावध व्हायला हवं होतं. मी बिस्किटही घेतलं.

“सर, तुमच्याबद्दल विद्यार्थ्यांच्या मनात एक... आदर आहे,” ते म्हणाले. ‘आदर’ हा शब्द सापडायला त्यांना बराच वेळ लागला.

मुद्दा असा की पहिल्या वर्षाची मुलं मधेच कॉलेज सोडून जातात. का जातात, तर संख्याशास्त्रात आपटतात. संख्याशास्त्र कोण शिकवतं, तर मी. म्हणून ‘विद्यार्थी आधार कक्ष’ स्थापन झाला आहे आणि त्याचा प्रमुख मी. म्हणजे ज्याने आग लावली त्याच्याच हातात बंबाची नळी. जादा मानधन नाही, जादा कामाचं समाधान आहे.

घरी सांगितलं. ही फिजिओथेरपिस्ट आहे, दिवसभर लोकांचे आखडलेले खांदे मोकळे करते. म्हणाली, “अहो, मुलांना धीर द्यायचाय ना? मग तुम्हाला कशाला नेमलं?”

स्वयंपाकघरात जाऊन एकटीच हसत होती. मला ऐकू येत होतं.

१२ सप्टेंबर

कक्षाला जागा मिळाली. जिन्याखाली. पूर्वी तिथे क्रीडा विभागाच्या हवा गेलेल्या चेंडूंचा मुक्काम होता. चेंडू हलवले, वास राहू दिला. एक टेबल, चार खुर्च्या (त्यातल्या तीन बसण्यालायक), एक फळा आणि दुचाक्यांच्या स्टँडकडे उघडणारी खिडकी. जिन्यावरून कोणी धावलं की छतातून चुना पडतो. ज्याला आधाराची गरज नाही त्यालाही इथे बसल्यावर ती वाटू लागेल.

२४ सप्टेंबर

आज पहिला विद्यार्थी आला. त्याने स्वच्छतागृह कुठे आहे असं विचारलं. मी सांगितलं. तो समाधानाने गेला. प्राचार्यांच्या मासिक अहवालात ‘लाभार्थी: एक’ असं लिहिलं आहे.

३ ऑक्टोबर

दुसरा लाभार्थी. पहिल्या वर्षाच्या वर्गात शेवटच्या बाकावर एक चाळिशीच्या बाई बसतात. पहिल्या दिवशी मी त्यांना पालक समजून बाहेर थांबायला सांगितलं होतं. त्या विद्यार्थिनी निघाल्या. वर्ग त्यांना मावशी म्हणतो. दुपारनंतर चष्म्याच्या दुकानात काम करतात, सकाळी माझ्याकडे नापास होतात.

दारात उभ्या राहून म्हणाल्या, “सर, वेळ आहे का?”

समोर रिकाम्या खुर्च्या, रिकामा फळा आणि कोडं सोडवत बसलेला मी. तरी म्हटलं, “बघावं लागेल.”

त्यांनी वही उघडली. मध्यक काढायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे विचारत होत्या. आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावायचे आणि मधला उचलायचा, असं सांगितलं. म्हणाल्या, “मग हे तुम्ही वर्गात का नाही सांगितलंत?”

मी सांगितलं होतं. इंग्रजीत सांगितलं होतं, पण सांगितलं होतं.

८ ऑक्टोबर

आज भलतंच गिऱ्हाईक. वर्गात पहिल्या बाकावर बसणारी एक हुशार मुलगी आहे. तिचं नाव मी मनातल्या मनात ‘शंका’ ठेवलं आहे, कारण तिला कधीच नसते. मी चुकीचं गणित मांडलं की अख्ख्या वर्गात एकटीच्या कपाळाला आठी पडते. ती आज कक्षात आली आणि विचारते काय, तर आकडे सम संख्येने असतील तर मधला कुठला धरायचा?

“हे तुला येत नाही?” मी विचारलं.

“येतं, सर. पण न येणाऱ्या माणसाला कसं सांगायचं, ते विचारतेय.”

मुलगी शिकवण्या घेत असावी. आमच्या पोटावर पाय आणायला आतापासूनच सुरुवात. तरी दोन पद्धतींनी समजावलं. तिने “ही दुसरी बरी आहे, ही कळेल” असं म्हणून माझा पेपर तपासल्यासारखी मान डोलावली आणि गेली.

१९ नोव्हेंबर

थंडी पडली. कक्षात आता रोज कोणीतरी येतं. मुख्य कारण, चार्जिंगचा पॉइंट. मुलं फोन लावतात आणि तो भरेपर्यंत वेळ घालवायला गणितं सोडवतात. मी फार टोचून बोलतो अशी तक्रार जाईल म्हणून वाट पाहत होतो. उलट काल एक जण मित्राला सांगत होता, “ये ना, सर आज फॉर्मात आहेत.” म्हणजे मी यांची करमणूक झालो आहे.

मावशी मंगळवारी आणि गुरुवारी येतात, शंका बुधवारी आणि शुक्रवारी. दोघी एकमेकींसमोर आल्या की अशा बाजूने निघून जातात, जणू भिंतीला भिंत भेटली. काहीतरी भांडण असावं. बायकांच्या भांडणात मी पडत नाही.

आणखी एक पाहिलं. दोघींकडे तंतोतंत एकसारखा राखाडी स्वेटर आहे, वरून दुसरं बटण तुटलेला. हल्ली तयार कपड्यांचा दर्जाच राहिला नाही. सगळीकडे तेच बटण तुटतं.

३ डिसेंबर

शंकेचा आजचा प्रश्न: “सर, एखाद्याला उत्तर बरोबर येतं, पण पेपरात घाबरायला होतं, त्याला काय करायचं?”

“त्याला म्हणावं, पेपर चावत नाही.”

“सांगितलं, सर. तिला वाटतं चावतो.”

तो म्हणता म्हणता ती झाली. आजच्या पिढीचं व्याकरण.

१६ डिसेंबर

चाचणीचे पेपर तपासले. मावशी नापास. त्यात नवल नव्हतं, पण पेपर पाहून डोकं सणकलं. पहिलं गणित: बरोबर उत्तर लिहिलंय, त्यावर फुली मारलीय आणि खाली चुकीचं उत्तर. दुसरं: तेच. तिसऱ्यात बरोबर उत्तर इतकं गिरवून खोडलंय की कागद फाटलाय. खोडलेल्या उत्तरांना गुण दिले असते तर बाई वर्गात दुसऱ्या आल्या असत्या.

बोलावून विचारलं. “हे का खोडलंत?”

“इतकं सहज आलं, सर. म्हटलं, मला सहज येतंय म्हणजे चुकलंच असणार.”

मी काहीतरी झणझणीत बोलणार होतो. तोंडात आलंही होतं. मग म्हटलं, “उद्यापासून माझ्यासमोर बसून सोडवायचं. आणि खोडायचं नाही.”

त्या म्हणाल्या, “सर, तुमचा चष्मा डावीकडे कललाय,” आणि हात पुढे करून, काडी किंचित वाकवून सरळ करून दिला. माझी परवानगी न घेता! (दिसतं मात्र बरं.)

८ जानेवारी

पुन्हा चहा. या वेळी मी बिस्किट घेतलं नाही.

दुसऱ्या सत्रात तपासणी समिती येणार आहे. समिती निकालाची टक्केवारी बघते. प्राचार्य म्हणाले, “सर, काही विद्यार्थी असे आहेत की ते परीक्षेला बसले तर त्यांचंही नुकसान आणि आपलंही. त्यांनी महिनाअखेरीच्या आत नाव काढून घेतलं, तर ते निकालात मोजलेच जात नाहीत. तुमचा त्यांच्यावर विश्वास... म्हणजे, त्यांचा तुमच्यावर विश्वास आहे. तुम्ही प्रेमाने सांगितलंत तर ऐकतील.”

“पण साहेब, हा कक्ष मुलांनी कॉलेज सोडू नये म्हणून आहे.”

“अगदी बरोबर. योग्य वेळी सोडायला मदत करणं हाही आधारच नाही का?”

या माणसाने राजकारणात जायला हवं होतं. शिक्षणक्षेत्राचं मोठं नुकसान टळलं असतं.

पहिलं नाव मावशींचं.

हिला सांगितलं. ही काहीच बोलली नाही. मला हिचं बोलणं झेपतं, न बोलणं झेपत नाही.

१० जानेवारी

सांगून टाकलं. त्यांच्या हिताचंच आहे, असा सूर लावला. वय, नोकरी, धावपळ. पुढच्या वर्षी ताज्या दमाने या, वगैरे. प्राचार्यांची वाक्यंच वापरली. माझ्या तोंडात ती चांगली बसत होती, हे लक्षात आलं.

मला वाटलं होतं, वाद घालतील. मी उत्तरंही तयार ठेवली होती. त्या म्हणाल्या, “बरं, सर.” आणि मग, “अर्ज कुणाकडे द्यायचा?”

इतक्या सहज ऐकल्या की मलाच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. पण नाही. सरळ मार्गी लागलं सगळं. प्राचार्य खूश होतील.

१५ जानेवारी

मंगळवार गेला, मावशी आल्या नाहीत. साहजिक आहे. त्यांच्या खुर्चीवर एक जण दप्तर ठेवून बसला होता. मी त्याला ओरडलो. तो म्हणाला, “सर, इथे कुणी बसत नाही आता.” मी आणखी ओरडलो. थंडीमुळे घसा बसला आहे.

१७ जानेवारी

शंकाही या आठवड्यात आली नाही. वर्गात आहे, पण मी फळ्यावर मुद्दाम चुकीचं गणित मांडलं तरी कपाळाला आठी नाही. मुलगी आजारी असावी.

१८ जानेवारी

आज दुपारी कक्षाचं दार भिंतीवर आपटलं आणि शंका आत. फोन लावून बसलेली दोन मुलं फोन घेऊन पळाली.

“माझ्या आईला काय सांगितलंत तुम्ही?”

मी म्हटलं, “तुझ्या आईला मी ओळखत नाही.”

“रोज समोर बसवून गणितं करून घेत होता तिच्याकडून!”

मला कळायला वेळ लागला. किती लागला ते इथे लिहीत नाही. ही वही कधीतरी हिच्या हातात पडू शकते.

ती रडत रडत बोलत होती आणि रडू येतंय म्हणून चिडत होती. “पहिल्या वर्षालाच सोडलं होतं तिने, माझ्या वेळी दिवस गेले म्हणून. घरी आम्ही दोघीच. माझी ॲडमिशन घ्यायला आलो तेव्हा मीच तिचाही फॉर्म भरला. तिने एकच अट घातली, कॉलेजात ओळख दाखवायची नाही. म्हणाली, तुझ्या मैत्रिणींसमोर तुला माझी लाज नको. सर, मला लाज नव्हतीच! पण तिने शपथ घातली. मग मी तुम्हाला विचारायचे आणि घरी जाऊन तिला शिकवायचे. आणि आता म्हणते, सरांनीच सांगितलंय, माझ्याच्याने होणार नाही.”

“मी असं म्हटलं नव्हतं,” मी म्हणालो.

“मग काय म्हटलं होतंत?”

काय म्हटलं होतं ते मला शब्दशः आठवत होतं. त्यातलं एकही वाक्य त्या मुलीच्या तोंडावर पुन्हा म्हणता येईना. काहीतरी टोचून बोलावं म्हटलं, तर टोचायला समोर मीच होतो.

ती डोळे पुसून म्हणाली, “तुमचा चष्मा पुन्हा कललाय.” आणि गेली. तो सरळ करून द्यायची तिची तयारी दिसली नाही.

१९ जानेवारी

चष्म्याच्या दुकानात गेलो. काडी वाकडी झाली होती, म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं.

मावशी काउंटरमागे होत्या. एका आजोबांना आरसा धरून “हा तुम्हाला शोभतो, पण यातून दिसेल कमी, तो घ्या” असं सांगत होत्या. आजोबांनी तो घेतला. वर्गात पुटपुटणारी बाई इथे किती ठामपणे बोलते, हे मी पाहत राहिलो. गिऱ्हाईक गेल्यावर माझ्याकडे वळल्या.

“या, सर. पुन्हा कलला का?”

चष्मा घेतला, गरम हवेच्या यंत्राखाली धरून वाकवू लागल्या. चष्म्याविना मला समोरचं धुरकट दिसतं. बोलायला ते सोयीचं पडलं.

“अर्ज दिलात?”

“उद्या देणार होते.”

“उद्या तुम्हाला जमणार नाही. उद्या माझा तास आहे.”

त्या काडी वाकवत राहिल्या. यंत्राचा आवाज तेवढा.

“तुमच्या खुर्चीवर पोरं दप्तरं ठेवतात,” मी म्हटलं. “मला ते चालत नाही. शिस्तीचा प्रश्न आहे.”

“सर, तुम्हीच म्हणालात...”

“मी काय म्हणालो ते खोडा.”

माझ्याच तोंडून निघालं. त्यांनी चष्मा माझ्या नाकावर बसवला. समोर पाहिलं तर बाईंचे डोळे भरलेले. यंत्राच्या गरम हवेने होत असावं. माझ्याही डोळ्यांना त्रास झाला.

“ती आली होती ना तुमच्याकडे?” त्यांनी विचारलं.

“दार मोडून गेली.”

“लहानपणापासून अशीच आहे,” त्या म्हणाल्या. दुकान थोडं उजळल्यासारखं वाटलं. चष्मा पुसल्यामुळे.

२० जानेवारी

प्राचार्यांना सांगितलं की माझ्याकडून कोणीही नाव काढून घेणार नाही. त्यांनी चहा मागवला नाही.

“आणि निकाल खाली आला तर?”

“तर खाली येईल.”

“तशी लेखी जबाबदारी घ्याल?”

घेतली. लिहून दिलं. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं.

घरी आल्यावर हिला म्हटलं, मी बहुतेक वेडेपणा केलाय. ही माझ्या खांद्यांवर हात ठेवून जरा वेळ दाबत राहिली. म्हणाली, “बऱ्याच वर्षांनी सैल लागले.” हिला कामाबाहेर काही सुचत नाही.

११ फेब्रुवारी

आता दोघी एकाच दिवशी येतात. मात्र कॉलेजात ओळख दाखवायची नाही ही शपथ अजून मोडलेली नाही. मावशी म्हणतात, पास झाल्यावर बघू. त्यामुळे लेक आईला समजावताना “या गणितात एखाद्या विद्यार्थिनीने असं केलं तर” असं माझ्याकडे बघून बोलते आणि आई “त्या मुलीला सांगा, जरा सावकाश” असं मला सांगते. मधे मी. टपाल खात्याचं काम करतो आहे.

बाकीचे वाढले आहेत. खुर्च्या पुरत नाहीत, पोरं जिन्याच्या पायऱ्यांवर बसतात. मला या जबाबदारीतून मोकळं करावं, असा अर्ज मी मनात तयार केला आहे. लिहायला वेळ मिळत नाही.

१३ मार्च

संख्याशास्त्राचा पेपर झाला. मी परीक्षकही नाही आणि पर्यवेक्षकही नाही, तरी कॉरिडॉरमध्ये फिरत होतो. पाय मोकळे करायला. शंका लवकर बाहेर आली आणि खिडकीतून आत पाहत उभी राहिली.

मावशी शेवटपर्यंत बसल्या. बाहेर आल्या, तेव्हा बोटं शाईने माखलेली. “सगळं लिहायला वेळ पुरला नाही, सर. पण लिहिलं ते ठेवलं.”

२२ एप्रिल

निकाल. इतकी वर्षं निकाल बघतोय. आज सकाळी दाढी करताना दोनदा कापलं.

पायऱ्यांवर बसणाऱ्यांपैकी बरेच पास होऊन निघाले. शंका वर्गात पहिली. मावशी बाकीच्या सगळ्या विषयांत पास आणि माझ्या विषयात नापास. थोडक्यात गेल्या. शेवटचं गणित पुरं झालं असतं तर निघाल्या असत्या.

एका विषयासाठी वर्ष अडत नाही, पुढच्या वर्गात जाता येतं, तो विषय पुन्हा द्यायचा. हे मला माहीत होतं. तरी त्या येईपर्यंत मी काय काय बोलायचं ते ठरवत बसलो. प्राचार्यांची वाक्यं या वेळी नको होती आणि माझी स्वतःची अशी, धीर देणारी, एकही नव्हती. आयुष्यभर साठा केला तो भलत्याच मालाचा.

त्या आल्या. मी उभा राहिलो. “हे बघा,” म्हटलं, “नापास होणं म्हणजे...”

“सर, तुम्ही आधी बसा,” त्या म्हणाल्या. मी बसलो. त्यांनी कोपऱ्यातल्या माठातलं पाणी दिलं. “पुन्हा देणाऱ्यांचा वर्ग कधी सुरू होतो?”

“दोन मेपासून. का?”

“का म्हणजे? दुकानात वेळ बदलून मागायला हवी ना.”

एवढं बोलून गेल्या. जाताना हसत होत्या. मी पास झालेल्या मुलांनाही असं हसताना क्वचित पाहिलंय. या कामात माणसाचा निकालावरचा विश्वास उडतो.

प्राचार्यांनी बोलावून सांगितलं की टक्केवारी काही सुधारली नाही, पण पहिल्या वर्षातून सोडून जाणारे यंदा खूपच घटले. समितीने तेवढ्याची नोंद घेतली. तेव्हा कक्ष पुढच्या वर्षीही चालू राहील आणि प्रमुखही तोच. मी तीव्र नाराजी व्यक्त केली. मग दोन खुर्च्या जास्त मागितल्या.

२ मे

पुन्हा देणाऱ्यांचा पहिला तास. जिन्याखाली, कारण वर्ग रंगवायला काढलेत. मावशी पहिल्या खुर्चीवर. मी संभाव्यतेचं गणित दिलं. शंका तिच्या दोन मैत्रिणींबरोबर जिन्यावरून उतरत होती. तिला या तासाशी काही देणंघेणं नाही. दार उघडं होतं. ती थबकली, आत डोकावली, आईची वही पाहिली, आणि कपाळाला आठी पडली.

पुढचं मी थांबवू शकलो नसतो. प्रयत्नही केला नाही.

“आई! अगं, किती वेळा सांगितलं, आधी शक्यता मोज, मग भाग दे!”

आतले सगळे वळले. मैत्रिणी जिन्यावर खिळल्या. एकीने “आई?” असं म्हटलेलं मला स्पष्ट ऐकू आलं. मावशींनी डोळे मिटून घेतले.

मग मावशींनी डोळे उघडले, पेन खाली ठेवलं आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, “सरांसमोर आवाज खाली! आणि मोजल्यात मी शक्यता. इथे बघ. तूच एक विसरलीयेस.”

शंका आत आली. वाकून पाहिलं. पुन्हा पाहिलं. दोघी हातवारे करून भांडू लागल्या. मैत्रिणी दारात येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांतली एक म्हणाली, “काकू बरोबर आहेत गं.”

तासात व्यत्यय आणल्याबद्दल मी मायलेकींना खोलीबाहेर काढलं. दार मात्र उघडंच ठेवलं. एक शक्यता नेमकी कोण विसरलं होतं, ते मलाही नीट कळलं नव्हतं आणि पुढचं ऐकायचं होतं.